खोकला जुना की नवा

भोरात प्लेग आला की आधी उंदीर पडत आणि मग सभा भरे. त्या वर्षी उंदीर पेठेतल्या एका धान्याच्या दुकानात पडले आणि सभा आमच्या शाळेच्या मोठ्या वर्गात भरली. गाव रिकामे करून रानात झोपड्या घालाव्यात, असा ठराव बऱ्याच भाषणांनंतर एकमताने मंजूर झाला. तोवर निम्मे गाव बाहेर पडलेही होते. उरलेले निम्मे सभेत बसले होते, म्हणून अडकले होते.

मार्गशीर्ष चालू होता. बैलगाड्यांतून गाद्या, पाटे-वरवंटे, देवांचे डबे, लोणच्याच्या बरण्या अशी मिरवणूक नदीपलीकडे निघाली. आमच्या एका वकिलांनी तर कायद्याच्या पुस्तकांचे कपाट दोरखंडाने बांधून नेले. प्लेगवर दावा लावायचा विचार असावा.

या गडबडीत म्हाताऱ्यांच्या घराची आठवण कोणालाच झाली नाही. मला झाली, कारण त्या घराचा मी चिटणीस होतो. मी इंग्रजी शाळेत मास्तर, वय कोवळे, लग्न झालेले नाही. बिनपगारी कामे अशाच माणसाकडे येतात. घराचे खरे नाव फार लांब होते. पाटीवर ते बसावे म्हणून रंगाऱ्याने शेवटची अक्षरे मुंगीएवढी काढली होती. लोक त्याला सरळ ‘म्हाताऱ्यांचं घर’ म्हणत. जुन्या पागेची डागडुजी करून ते उभे केले होते आणि ज्यांना जवळचे कोणी नाही अशी सात-आठ माणसे तिथे राहत. उद्घाटनाच्या दिवशी आमच्या अध्यक्षांनी वृद्धांना समाजाचे वटवृक्ष म्हटले होते. वटवृक्ष समोर उन्हात बसले होते, आणि त्यांतल्या एकाने मला हळूच विचारले, “मास्तर, जेवान कवा?”

विचारणारे ते गुंजवण्याचे बाबा. आमच्याकडे माणसांना त्यांच्या गावावरून हाक मारण्याची पद्धत पडली होती. बहुतेक मंडळी वेल्ह्याकडच्या खोऱ्यांतली होती. स्वयंपाक आणि देखभाल करणारी बाई मार्गासनीची. ती तिशीतली, विधवा, कामाला वाघीण होती. आणि पासलीची एक म्हातारी होती. तिच्याविषयीच हे सांगायचे आहे.

बाबांचे हात थरथरत. घास तोंडापर्यंत जाताना वाटेतच सांडे. पहिले काही महिने ते अर्धपोटी राहिले असावेत, कारण सांडलेले पाहून कोणी हसेल म्हणून ते भाकरीच कमी घेत. मग एके दिवशी पासलीची म्हातारी उठली, त्यांच्यासमोर बसली आणि भाकरी कालवणात कुस्करून त्यांच्या तोंडात घालू लागली. नाते ना गोते. बाकीच्या मंडळींनी दोन दिवस एकमेकांना कोपरखळ्या मारल्या आणि मग सोडून दिले. त्या भरवण्यात माया दिसावी असे काही नव्हते. ते एक रोजचे भांडण होते.

“गिळ की रं. का तोंडाला कुलूप लावलंय?”

“मीठ न्हाई त्यात.”

“मीठ हाय. तुझ्या जिभंला चव न्हाई.”

“पासलीच्या पान्यालाच गुन न्हाई. बाया भांडतच जलमत्यात.”

“आन् गुंजवण्याचं बापय आयतं गिळायला जलमत्यात. आ कर.”

बाबा आ करीत. दुसऱ्या कोणी भरवायला घेतले तर तोंड मिटून घेत. मार्गासनीच्या बाईने एकदा विचारले, तेव्हा म्हणाले, “हिच्या हाताला चव न्हाई, पर हात वळखीचा हाय.”

तर या माणसांना हलवायचे होते. वेल्ह्याच्या रस्त्याला एका माळावर मी तीन झोपड्या घालून घेतल्या. कारवीचे कूड, वर गवत. एक पुरुषांची, एक बायकांची आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून एक लहानशी रिकामी. रिकामी कशासाठी, हे डॉक्टरांनी सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही. सगळ्यांना कळले होते.

डॉक्टर एकटे होते आणि प्लेग चहूकडे होता. तापट, बारीक अंगाचे, सायकलवरून हिंडणारे गृहस्थ. त्यांनी माळावर येऊन हुकूम सोडले. माणसांनी दाटीने झोपायचे नाही. अंथरायला भाताचे काड वापरायचे नाही, कारण काडात उंदीर येतो. जुने कपडे उकळायचे, उकळता येत नाहीत ते जाळायचे. घोंगड्या जाळायच्या.

घोंगड्या म्हटल्यावर जो तो आपली घोंगडी अंगाशी ओढू लागला. खोऱ्यातल्या माणसाची घोंगडी म्हणजे त्याचे अंथरूण, पांघरूण, पावसातले छप्पर आणि पाहुण्याला बसायला द्यायचे आसन. आमच्या त्या सात-आठ माणसांकडे आपले म्हणावे असे तेवढेच होते. आणि माळावरची थंडी अशी की पहाटे तांब्यातले पाणी दाताला लागे.

मी अध्यक्षांकडे गेलो. अध्यक्ष म्हणजे सेवानिवृत्त अंमलदार. सेवा संपली होती, अंमल संपला नव्हता. त्यांनी डॉक्टरांनाही बोलावून घेतले आणि निकाल दिला.

“कापूस जाळा. लोकर जाळण्याचं कारण नाही. लोकरीला विटाळ नसतो.”

डॉक्टर म्हणाले, “रावसाहेब, विटाळाचा प्रश्न नाही. पिसवा लोकरीत राहतात.”

“सोवळ्यात आपण धाबळी नेसतो ती का? लोकर शुद्धच असते. शास्त्र आहे.”

“पिसवेनं शास्त्र वाचलेलं नाही.”

“म्हणून तर आपण वाचायचं,” अध्यक्ष म्हणाले आणि हसले. उपस्थितही हसले. गोमूत्र शिंपडून घोंगड्या परत द्याव्यात असे ठरले. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. जाता जाता मला एवढेच म्हणाले, की निदान दोन-तीन दिवस तापलेल्या खडकावर उन्हात पसरा, उलटसुलट करा, मग द्या. मी होय म्हटले. मलाही आतून बरेच वाटले होते, हे लपवण्यात अर्थ नाही. कारण वेगळे असेल, पण त्या मूर्ख निकालाने म्हाताऱ्यांची ऊब वाचत होती.

खडकावर घोंगड्या दिवसभर पडल्या. संध्याकाळी वारा सुटला आणि बाबा काठी टेकत खडकापर्यंत गेले, आपली घोंगडी ओढून अंगावर घेतली आणि परत येऊन बसले. ते पाहून बाकीचेही उठले. मार्गासनीची बाई माझ्याकडे पाहू लागली. मी आकाशाकडे पाहू लागलो. त्या माळावर जे जे उबदार होते ते ते धोक्याचे होते. आणि ज्यात धोका नव्हता, ते म्हणजे एका देणगीदाराने पाठवलेल्या पांढऱ्या सुती चादरी. प्रत्येकीच्या कोपऱ्यावर त्यांचे नाव लाल दोऱ्याने भरलेले. थंडी त्या चादरीतून देणगीदाराचे नाव न वाचताच आत येत होती.

आठवडाभराने बाबांना ताप भरला. डॉक्टरांनी पाहिले. जांघेत गाठ होती.

पिसू घोंगडीतली होती की गावातूनच चावून आली होती, हे मला तेव्हा कळले नाही आणि आजही माहीत नाही. डॉक्टरांना विचारले तेव्हा ते म्हणाले, “पिसू सही करून जात नाही.”

बाबांना त्या लहान झोपडीत नेले. डॉक्टर बराच वेळ आत होते. बाहेर आले तेव्हा तोंडावरचे फडके काढून त्यांनी सर्वांना बोलावले.

“हा खोकला कधीपासून आहे?”

“कवापास्नं म्हंजी?” मार्गासनीची बाई म्हणाली. “मी हितं कामाला लागले तवापास्नं हायच की. म्हातारा बिडी वडतोय.”

“आज वेगळा वाटतो?”

“न्हाई बा.”

“कालच्यासारखाच आहे?”

पासलीची म्हातारी मध्ये पडली. “दागतरसायेब, मला इचारा. रोज त्याच्यापुढं बसतिया मी. घास घातला की खोकतोय, न्हाई घातला तरी खोकतोय. बिडीचाच खोकला हाय त्यो.”

डॉक्टर मला बाजूला घेऊन गेले. त्यांनी जे सांगितले ते त्या काळी मला नवे होते. गाठीचा प्लेग माणसाच्या जवळ बसल्याने सहसा लागत नाही. पण तोच प्लेग छातीत उतरला तर पिसवेची गरज उरत नाही. रोगी खोकला की समोरचा माणूस गेला, आणि त्याच्यामागे सबंध माळ.

“मग छातीत उतरलाय का?”

“तेच कळत नाही, मास्तर. त्यांच्या छातीत तीस-चाळीस वर्षांचा धूर साठलेला आहे. कान लावला की नुसती घरघर. त्यात नवं काय शिरलंय हे मला ओळखता येत नाही.” ते चिडले होते, पण कोणावर ते त्यांनाही ठरवता येत नसावे. “ओळखता येत नाही म्हणून वाईटच धरून चालायचं. आत कोणी जायचं नाही.”

त्यांनी चुन्याची पिशवी मागवली आणि झोपडीभोवती दहा-बारा हात अंतरावर रेघ ओढली. रेघेच्या आत, झोपडीच्या दाराबाहेर एक सपाट दगड ठेवला. खाणे त्या दगडावर ठेवून यायचे, झोपडीत पाय टाकायचा नाही. सायकलवर बसून ते दुसऱ्या झोपड्यांकडे गेले. तिकडे माणसे आणखी वाईट अवस्थेत होती.

दुपारी बाईने तांदळाची पेज केली आणि वाडगा दगडावर ठेवून आली. बाबा रांगत दारापर्यंत आले. वाडगा दोन्ही हातांनी धरला. हात नेहमीपेक्षा जास्त थरथरत होते. आम्ही रेघेच्या बाहेर उभे होतो. पेज हनुवटीवर, छातीवर, घोंगडीवर गेली. तोंडात काही गेले असेल तर थेंबभर. त्यांनी रिकामा वाडगा खाली ठेवला आणि रागाने हाक मारली, “पासले! कुठं मेलीस?”

ती पुढे झाली. मार्गासनीच्या बाईने तिचा दंड धरला. मीही पुढे येऊन दुसऱ्या बाजूने धरला.

“सोडा. हाक मारतोय त्यो.”

“डॉक्टर नको म्हणालेत, आजी.”

“दागतराला हाक मारली न्हाई त्यानं.”

“आत्ये, लागला तर सगळ्यास्नी लागंल गं,” बाई म्हणाली. “बाकीच्या मान्सांचं काय?”

हे मात्र तिने ऐकले. मागे सरून ती जमिनीवर बसली. तिला अडवले ते आम्ही नव्हे, त्या ‘बाकीच्या माणसांनी’. ती बाकीची माणसे आपापल्या दारात उभी राहून पाहत होती. त्यांच्या चेहऱ्यावर काय होते ते सांगता येणार नाही, पण पुढे कोणी आले नाही. मी तरी कुठे गेलो? डॉक्टरांची मनाई होती. नसती तर गेलो असतो असे छातीवर हात ठेवून म्हणणार नाही.

त्याऐवजी मी डोके चालवले. शिकलेल्या माणसाकडे दुसरे असते काय? मी लांब वेळूला पळी बांधली. संध्याकाळी रेघेवर उभे राहून ती पळी पेजेने भरली आणि वेळू पुढे केला. वेळू लवला, पळी उलटली. दुसऱ्यांदा पेज दारापर्यंत पोचली. भुकेपोटी बाबांनी आ केला. पळी त्यांच्या कानाला लागली. ते दचकून मागे सरकले आणि माझ्याकडे असे पाहिले, की मी वेळू खाली ठेवला. गाईला चारा घालतानाही आपण यापेक्षा जवळ जातो.

म्हातारी रात्र पडेपर्यंत रेघेशी बसून राहिली आणि सकाळी पाहतो तर तिथेच होती. आतून खोकला येई. खोकला थांबला की ती ओरडून विचारी, “मेलास का रं?” आतून शिवी आली की तिचे समाधान होई. दुपारपर्यंत शिव्या बारीक झाल्या.

“मास्तर,” ती म्हणाली, “दुसऱ्याच्या हातचं त्यो खात न्हाई, आन् सोताच्या हातानं खाता येत न्हाई. म्हंजी उपाशीच मारायचा का? पलेगानं मारा म्हनावं, उपाशी नगं. मला सोडा आत. मी भाईर यायची न्हाई. मंग बाकीच्यास्नी काय डर हाय?”

आत जाऊन बाहेर यायचे नाही, हा मार्ग डॉक्टरांच्या नियमातही बसण्यासारखा होता. पण डॉक्टर दुसऱ्या गावी गेले होते आणि केव्हा परततील याचा नेम नव्हता. म्हणून मी अध्यक्षांकडे निघालो.

अध्यक्षांची झोपडी त्यांच्याच मळ्यात होती. झोपडी म्हणायचे ते छपरावर गवत होते म्हणून. आत झोपाळा होता, भिंतीवर लंबकाचे घड्याळ होते आणि दाराला पडदे. त्या दिवशी तिथे प्लेगशांतीसाठी सत्यनारायण होता. मांडवात माणसे एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसली होती. लेकुरवाळ्या बायका, वकील, मामलेदार कचेरीतली मंडळी, कोणाला सर्दी, कोणाला पडसे. एका माळावर सात म्हाताऱ्यांनी जवळ झोपू नये म्हणून आम्ही जीव टाकत होतो आणि इथे तीर्थ घ्यायला रांग नव्हती, झुंबड होती.

“या मास्तर. चपला तिकडे. आधी तीर्थ घ्या.”

मी तीर्थ घेतले आणि सगळे सांगितले.

“डॉक्टर काय म्हणतात?”

“आत कोणी जाऊ नये म्हणतात. पण ती म्हणते, मी परत बाहेर येणारच नाही.”

“आणि तुमचं काय मत?”

“मी विचारायला आलोय.”

“उत्तम. विचारणं चिटणिसाचं काम. निर्णय समितीचा. रविवारी समिती बसवू.”

“रविवारपर्यंत ते राहतील असं वाटत नाही, रावसाहेब. कालपासून पोटात काही नाही.”

अध्यक्षांनी खांद्यावरचे उपरणे सारखे केले. ते दुष्ट नव्हते, हे सांगितले पाहिजे. त्यांचा चेहरा खरोखरच पडला. पण पडलेल्या चेहऱ्यानेही माणसे तीच वाक्ये बोलतात. “एकासाठी नियम मोडला की तो नियम राहत नाही, मास्तर. संस्था भावनेवर चालत नाहीत.” मग त्यांनी हाक मारून पळसाच्या द्रोणात शिरा घालायला लावला, वर तुळशीचे पान ठेवले आणि द्रोण माझ्या हाती दिला. “हा त्यांना द्या. माझ्याकडून सांगा. आणि नुसता पुढे ठेवू नका, तोंडात घाला. प्रसाद आहे.”

द्रोण घेऊन मी दोन-अडीच कोस चालत परत आलो. देवावर माझा फारसा विश्वास कधी नव्हता. पण प्रसादाचा द्रोण हातात असताना तो खाली कसा ठेवायचा, हे मलाही कळत नाही. वाटेत तहान लागली तेव्हा ओढ्यावर एका हाताने पाणी प्यालो.

म्हातारी रेघेशीच होती.

“काय म्हनलं सायेब?”

“रविवारी सांगतो म्हणाले.”

“आन् ह्ये काय?”

“सत्यनारायणाचा प्रसाद. बाबांसाठी दिलाय.”

मी रेघ ओलांडून द्रोण नेहमीच्या दगडावर ठेवायला वाकलो, तोच ती ओरडली, “मास्तर! परसाद भुईवर ठेवत्यात व्हय?”

मी वाकलेला तसाच थांबलो.

“सायबांनी काय सांगितलंय?”

“तोंडात घाला म्हणाले.”

“कुणाच्या?”

“त्यांच्याच.”

“मंग तुमी घालताय?”

मी सरळ उभा राहिलो. तिने उठून हात धुतले, पदर डोक्यावर घेतला, रेघेच्या आत आली आणि माझ्या हातून द्रोण काढून घेतला. मार्गासनीची बाई धावत आली होती, पण द्रोण पाहून तिचाही हात मागे आला. पाया पडायला वाकावे तशी ती अर्धवट वाकली आणि बाजूला झाली. दारात उभ्या राहिलेल्या मंडळींपैकी एकाने तर हात जोडले. काल जे पाऊल टाकले असते तर साऱ्यांनी ओरडा केला असता, तेच पाऊल आज प्रसादामागून गेले म्हणून कोणाच्या तोंडून शब्द निघाला नाही.

आतून आवाज आला, “आलीस व्हय. वाट बगून दाढी वाढली.”

“आ कर. ग्वाड हाय. ग्वाडाला तरी मीठ मागू नगंस.”

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. झोपडीच्या दारात तिला पाहिले आणि माझ्याकडे वळले.

“हिला आत कोणी सोडलं?”

“सत्यनारायणानं.”

मी सगळा प्रकार सांगितला. ते रागावतील असे वाटले होते. ते रेघेबाहेरच एका धोंड्यावर बसले आणि सायकलचे चाक नुसतेच फिरवत राहिले. मग तिला म्हणाले, “आता बाहेर यायचं नाही, आजी.”

“कोन येतंय?”

“तोंडाला फडकं बांधा.”

“बांधलं तर शिव्या कशा दिऊ?” पण तिने बांधले. देणगीदाराच्या चादरीचा कोपरा फाडून. नावासकट.

बाबा फार खात नव्हते. सकाळ-संध्याकाळ थोडी पेज, कधी कढत पाण्यात गूळ. पण तोंडात जात होते. आम्ही रेघेवर उभे राहून ते ऐकत असू, दिसत नसे. त्यांचे बोलणे तुटक होत गेले, पुढे नुसता खोकला आणि त्यावर तिची बडबड. एका सकाळी ती दारात येऊन म्हणाली, “मास्तर, म्हातारा खोकायचा थांबला.”

त्यांना न्यायला गावची माणसे आली. तोंडे बांधलेली, घाईत. घोंगडी त्यांच्याबरोबरच गेली, त्यामुळे लोकरीचा शास्त्रार्थ आपोआप मिटला. म्हातारीला मागून जाता येत नव्हते. ती दारातून पाहत होती आणि मध्येच मोठ्याने म्हणाली, “हळू धरा. त्याला पाठ हाय.” त्या माणसांना ते कळले नसावे.

मग तिला तिथेच ठेवले. रोग अंगात असला तर कळून येईपर्यंत. ती झोपडी, तो चुना, आणि आत एकटी ती. बाई खाणे दगडावर ठेवी आणि रेघेबाहेरून गप्पा मारी. शाळा बंद असल्याने मी रोज संध्याकाळी जाऊन उभा राही. मी तिला खोऱ्यात भाताची झोडणी झाल्याचे सांगे, ती ‘व्हय का’ म्हणे.

तिला ताप आला नाही. गाठ आली नाही. डॉक्टर रोज लांबून विचारीत आणि मान हलवून जात. तिची सुटका जवळ आली तेव्हा एका संध्याकाळी तिने मला विचारले, “मास्तर, त्यो खोकला जुनाच व्हता न्हवं?”

मला प्रश्न समजला, आणि त्यामागचा दुसराही समजला. “डॉक्टरांना विचारतो,” म्हणालो.

“इचारा.”

मी विचारले. डॉक्टर म्हणाले, “ती इतके दिवस त्याच्या तोंडाशी बसली आणि जगली. म्हणजे जुनाच असावा. असावा म्हणतोय. खात्री देऊ शकत नाही.” आणि मग, “तिला काय सांगणार आहात?”

“तुम्हीच सांगा की.”

“माझ्याकडे आणखी चार गावं आहेत,” ते म्हणाले आणि गेले. त्यांच्यावर रागावण्याचा अधिकार मला नव्हता. त्यांच्या ठिकाणी मी असतो तर मीही ती चुन्याची रेघच ओढली असती. आजही ओढीन.

दोन दिवस मी माळावर फिरकलोच नाही. गेलो तेव्हा ती दारात बसून नखाने तांदूळ निवडत होती. बाईने तिला काहीतरी काम हवे म्हणून दिले होते.

“काय म्हनलं दागतर?”

“जुनाच असावा, म्हणाले.”

तिने मान डोलावली. तिला ते ठाऊकच होते. सुपातले दोन-चार खडे काढून टाकले.

“मंग त्या दिशी पेज त्याच्या छातीवं सांडत हुती,” ती म्हणाली, “तवा मला का धरलंत?”

आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते. रागाला काहीतरी बोलता येते. मी म्हणालो की त्या दिवशी ते कळत नव्हते. ते खरे होते. डॉक्टरांचे म्हणणे खरे होते, बाईचे खरे होते, बाकीच्यांची भीती खरी होती, आणि बाबांनी हाक मारली होती हेही खरे होते.

“व्हय,” ती म्हणाली. “कळत नव्हतं.”

आणि सूप घेऊन आत गेली. मी रेघेवर उभा राहिलो. थोड्या वेळाने बाई पेज घेऊन आली, दगडावर ठेवली, हाक मारली. आतून ‘ठेव’ एवढेच आले. वाडग्यातली वाफ हळूहळू कमी होत गेली. मी तरीही जागचा हललो नाही. ती बाहेर आली नाही.